सोलापुरातल्या बंद पडलेल्या व्यापारी इमारती: आधी कर वाढवायचा की आधी गच्ची वाचवायची?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चाटीगल्लीकर

नवी पेठेतून पूर्व भागाकडे जाताना जरा वर मान करून बघा. खाली दुकान चालू, वरचे दोन मजले बंद. कुठे अख्खी इमारतच बंद. सज्ज्यावर पिंपळ, जिन्यात कचरा, शटर गंजून उंबऱ्याला चिकटलेलं. माझं मत असं की इमारत रिकामी ठेवणं मालकाला स्वस्त पडतं म्हणून ती रिकामी राहते, आणि त्या स्वस्ताईत करपद्धतीचा मोठा हात आहे.

महापालिका अधिनियमाच्या कराधान नियमांत वार्षिक भाड्यातून 10 टक्के वजावट मिळते, ती दुरुस्ती आणि बाकी सगळ्या खर्चांपोटी. वीस वर्षांत चुन्याचा हात न लागलेल्या इमारतीलाही ती मिळते. शिवाय मालमत्ता रिकामी असल्याची सूचना देऊन परतावा मागायची सोय आहे. एक वर्ष उलटलं की हे दोन्ही बंद व्हायला हवं आणि वर रिकामेपणाचा कर लागायला हवा.

सॅन फ्रान्सिस्कोत 2022 पासून असा कर आहे. ठरावीक बाजारभागांत तळमजल्याचं दुकान वर्षात 182 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं की रस्त्याकडच्या रुंदीवर आकारणी होते: पहिल्या वर्षी फुटाला 250 डॉलर, दुसऱ्या वर्षी 500, तिसऱ्या वर्षी 1000. दर आपले आपण ठरवू. पद्धत मला पटते, कारण मोजायला टेप पुरतो. भाडं किती, करार कुठला, यावर वादच उरत नाही.

पेठेतला वकील

टेप पुरेल हो, पण नोटीस कुणाच्या नावाने काढणार? आपल्या पेठांतला बंद गाळा पुष्कळदा मालकाच्या ताब्यातच नसतो. कुलूप जुन्या भाडेकरूचं असतं. सहा महिने सलग, सबळ कारणाशिवाय वापर नसेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 खाली ताबा मागता येतो, पण त्यासाठी दावा लावावा लागतो, साक्षीपुरावा होतो, वर अपील होतं. इकडे मालमत्ता पत्रकावर आजोबांच्या नावाखाली दहा-बारा वारस. एकाने सही अडवली की दुरुस्तीचा अर्जही पुढे सरकत नाही.

ताबा आहे त्यालाही भीती वेगळीच. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळवून देणारं त्याच कायद्याचं कलम 24 फक्त राहत्या जागेला लागू आहे. दुकानदार मुदतीनंतर हलला नाही तर मालकाला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून त्याला रिकामा गाळा भाडेकरूपेक्षा सुरक्षित वाटतो. ही भीती कर लावून जात नाही.

थकीत मालमत्ता करावर आजही महिन्याला 2 टक्के शास्ती आहे, म्हणजे वर्षाला 24. ती न भरणारा तुमचा नवा कर भरेल, हे कशावरून? इंग्लंडने एप्रिल 2008 पासून रिकाम्या व्यापारी जागांची सवलत दुकानांना तीन आणि कारखाना-गोदामांना सहा महिन्यांवर आणली, तेव्हा काही मालकांनी कर चुकवायला छपरं उतरवली, चांगल्या इमारती पाडल्या. शिवाय असा कर महापालिका नुसत्या स्वतःच्या ठरावाने लावू शकत नाही, त्याला राज्य सरकारची मंजुरी लागेल.

स्लॅब आणि सळई

तुमचा कर लागेपर्यंत आणि तुमचा दावा निकाली निघेपर्यंत किती पावसाळे जातील, ते मोजा. बंद इमारत पाण्याने मरते.

आधी गच्ची. पाऊसपाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी पाला आणि प्लास्टिक बसलं की तळं साचतं. 1000 चौरस फुटांवर 4 इंच पाणी म्हणजे साडेनऊ टनांच्या आसपास. चौरस मीटरला हे 100 किलो होतं. वापरातल्या गच्चीला 150 किलो भार धरलेला असतो, त्यामुळे धड स्लॅब तेवढ्याने पडत नाही. पण तेच पाणी मुरून सळईपर्यंत जातं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, खालचं आवरण फुगतं, पोपडे सुटतात, आणि मग सळई उघडी पडून दरवर्षी बारीक होत जाते. जुन्या दगडी बांधकामावर माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं छत) असेल तर मुरलेल्या मातीचं वजन वाढतं आणि तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक आधी कुजतं. ते बाहेरून दिसत नाही, दाभण किंवा पटाशी टोचूनच कळतं.

दुसरा पिंपळ. नुसता छाटला की दुप्पट फुटतो. उपटायचाही नाही, मुळासकट पॅरापेट (गच्चीचा कठडा) खाली येतो. खोड कापून बुंध्यात तिरकी भोकं पाडायची, ताज्या कापावर लगेच तणनाशक भरायचं, मूळ वाळल्याची खात्री झाली की फटीत सिमेंटचा ग्राउट, म्हणजे पातळ गारा. सुटा झालेला पॅरापेट मात्र तसाच ठेवू नये, वरचे थर उतरवून घ्यावेत. रस्त्यावरच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका त्याचाच.

तिसरी टाकी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून प्रत्येक व्यापारी इमारतीत खाली हौद आणि वर टाक्या. इमारत बंद पडली की त्या उघड्या राहतात. लिफ्टच्या खड्ड्यातही पाणी साचतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने टिकतात. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून ब्रशने घासून उलटी घालावी किंवा झाकण घट्ट बसवावं.

दारं-खिडक्या बंद करायला साधा 12 मिमी प्लाय वापरतात, तो दोन पावसाळ्यांत सुटतो. लोखंडी अँगलच्या चौकटीवर जीआय पत्रा बोल्टने बसवा आणि वर हातभर जाळी सोडा. हवा कोंडली तर आत ओल धरते आणि वाचवायला घेतलेली इमारत आतून सडते.

चाटीगल्लीकर

हे सगळं पटलं. करायचं कुणी? नोटीस चिकटवून महापालिका हात झटकते.

स्लॅब आणि सळई

महापालिका अधिनियमाचं कलम 264 पुरतं. धोका तातडीचा असेल तर नोटिशीची मुदत संपायची वाट न बघता आयुक्त स्वतः कुंपण घालू शकतात, आधार लावू शकतात, धोकादायक भाग उतरवू शकतात, आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. कलम 265-अ खाली 30 वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी बंधनकारक आहे. किल्लारीच्या भूकंपाआधी, म्हणजे 1993 पूर्वी उभी राहिलेली प्रत्येक इमारत आज त्यात बसते. नवा कायदा कशाला हवा?

पेठेतला वकील

264 दुधारी आहे, तेही लिहा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, पाडण्यायोग्य. हा शेरा मिळवून भाडेकरू काढायचे, या आशेने कित्येक मालक गच्ची मुद्दाम गळू देतात. त्यांनी एक लक्षात घ्यावं: 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. पडायची वाट बघून मोकळी जागा हाती येत नाही, वाद तेवढा वाढतो.

स्लॅब आणि सळई

म्हणूनच नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून कडकपणा मोजणाऱ्या हातोड्याच्या) आकड्यांवर सी-1 देऊ नये. तो काँक्रीटच्या पृष्ठभागाचं सांगतो, आतल्या गंजाचं नाही. अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतल्या भेगा-पोकळ्या शोधणारी चाचणी), हाफ-सेल (सळईच्या गंजाची विद्युत चाचणी), खांबा-तुळयांचे कोअर (कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) आणि कार्बोनेशनची खोली (हवेमुळे काँक्रीट किती आतपर्यंत सळईला जपेनासं झालं), एवढं अहवालात नसेल तर तो परत पाठवावा. हाफ-सेलमध्ये उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडे गेले तर गंज सुरू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. सी-2 मधली इमारत दुरुस्त होते, तिला सी-1 ठरवणं हा अन्याय आहे.

जोडभावीचा व्यापारी

महापालिकेच्या स्वतःच्या भाड्याने दिलेल्या लहान-मोठ्या, म्हणजे मेजर-मिनी गाळ्यांचं काय? तिथले बंद गाळे, गळके जिने आधी दुरुस्त करा, मग खासगी मालकाच्या दारात या. गाळा बंद पडायची कारणंही बघा की ओ. गिरण्या गेल्या, पगाराच्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं. वरच्या मजल्याला अडीच फुटी जिना, पार्किंग नाही. फुटाला कितीही कर लावा, तिथे कापडाचं दुकान चालणार नाही. वरच्या मजल्यांवर क्लास, शिवणकाम, गोदाम यांना परवानगी सोपी केली तर गाळे उघडतील.

चाटीगल्लीकर

महापालिकेच्या गाळ्यांपासून सुरुवात करा, हे मान्य. गोदामाला मात्र विरोध: अडीच फुटी जिना, वर सूत आणि चिंध्या, आग लागली तर माणूस उतरणार कुठून? क्लासचंही तेच, दुसरा जिना नसेल तर नको.

माझी मागणी थोडी बदलतो. ताब्याचा दावा खरोखर चालू आहे त्याला रिकामेपणाच्या करातून सूट द्यावी. गच्ची, पॅरापेट आणि टाकी यांना सूट कुणालाच नको, वारस बारा असोत की एक.

पेठेतला वकील

त्या सवलतीला दाव्याची तारीखही जोडा. कर लागू झाल्यानंतर दाखल केलेला दावा धरायचा नाही. नाहीतर कोर्टात नुसत्या सवलतीसाठी दावे पडतील.

स्लॅब आणि सळई

आणि पाहणी मार्चमध्ये सुरू करा. पिंपळाचं मूळ वाळायला आठवडे लागतात आणि ग्राउट कोरड्या फटीतच धरतो. मृग लागल्यावर चिकटवलेली नोटीस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कागदच राहते.