नाकाबंदीत दारूचा आकडा आल्यावरही साहेब सोडू शकतात का?

रातकिडा: शनिवारी लग्नाहून परतताना नाकाबंदीत अडकलो. दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकलं, माझं शून्य आलं. पण पुढच्या गाडीवाल्याचा ५८ मी हवालदाराच्या खांद्यावरून स्वतः पाहिला. त्या गाडीवाल्याने फोन लावून थेट साहेबांच्या हातात दिला, दोन मिनिटांत गाडी गेलीसुद्धा! माझ्या मागच्या डिलिव्हरीवाल्या पोराचा ४१. त्याची बाइक तिथेच ठेवून घेतली. असा अधिकार असतो का?

वकीलकाकू: नाही रे. १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅच्या वर दारू गेली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. इथे जागेवर तडजोड नाही, प्रकरण कोर्टात जातं. पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कुणाला थांबवायचं, कुणाला फुंकायला लावायचं, इतपत पोलिसाची मर्जी.

माजी_जमादार: खात्यात होतो म्हणून सांगतो. बऱ्याच मशीनमधून चिठ्ठी निघते, आत नोंद राहते. तारीख, वेळ, चौक लिहून त्या रात्रीच्या चाचण्या माहिती अधिकारात मागा. फोनवर कोण होतं ते मात्र चिठ्ठीवर येत नाही.

पुणेरी_पाटी: पुण्यातला कल्याणीनगरचा पोर्शे अपघात विसरलात? मे २०२४. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराला, चालवणाऱ्या पोराचं रक्त तपासणीला घेतलं सकाळी अकराला, तेही बदलल्याचा आरोप. येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, पण केवढा गदारोळ झाल्यावर!

रातकिडा: काकू, जमादारसाहेब, आभार. उद्याच अर्ज टाकतो. त्या पोराच्या पाठीवरची पेटी डोळ्यांसमोरून जात नाही. आत कुणाचीतरी बिर्याणी गार होत होती आणि तो गिऱ्हाइकाला फोनवर ‘सॉरी सर’ म्हणत होता.