जुनी फंक्शन्स डेप्रिकेट करायची ('आता वापरू नका' असं जाहीर करायची) की राहू द्यायची?

प्रश्न (सदस्य: तळटीप)

पायथनमधली फाइल वाचणारी ओपन सोर्स लायब्ररी आहे, सध्या २.६. पुढची मोठी आवृत्ती ३.०. तीन जुन्या गोष्टींचं काय करायचं ते ठरत नाहीये:

रीडऑल(): नव्या रीड()चं जुनं नाव, आत एकच ओळ.
पार्सलूज(): ओळ चुकीची असली की गुपचूप गाळून पुढे जातं. एरर नाही, काही नाही.
रीडर.ऑनरो(): वापरणाऱ्याने आपल्या सबक्लासमध्ये ओव्हरराइड करायची (स्वतःचा कोड लिहून बदलायची) मेथड, दर ओळीला बोलावली जाते. हिच्यामुळे ओळी गठ्ठ्याने वाचायचं काम अडलंय. नवी मेथड ऑनबॅच().

तिन्हींवर वॉर्निंग लावून ३.०ला काढावं असा विचार आहे. वापरणारे किती ते कळायला मार्ग नाही, कारण डाउनलोडच्या आकड्यात माणसं किती आणि सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) किती हे वेगळं काढता येत नाही. कुठे चुकतंय का?

अर्धविराम

तिन्हींना एकाच दावणीला बांधू नका. ठेवायला खर्च किती येतो ते आधी बघा. नाव कुरूप आहे की सुंदर हे सगळ्यात शेवटी.

रीडऑल() राहू द्या. एका ओळीचं टोपणनाव सांभाळायला काहीच लागत नाही, पण ते काढलं की प्रत्येक वापरणाऱ्याला कोड बदला, टेस्ट चालवा, रिलीज काढा हे सगळं आलं. डॉक्युमेंटेशनमध्ये 'नव्या कोडमध्ये रीड() वापरा' एवढं लिहा. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) यासाठी वेगळी पायरीच आहे: आधी फक्त डॉक्युमेंटेशनपुरतं डेप्रिकेशन, मग रनटाइमला वॉर्निंग, मग शेवट. पहिल्या पायरीवर एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बसून राहिली तरी कुणाचं बिघडत नाही.

पार्सलूज() मात्र जायलाच हवं. लोकांची बेरीज चुकते आणि त्यांना पत्ताही नसतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जावाचं थ्रेड.स्टॉप(). ते थ्रेडकडची (समांतर चालणाऱ्या कामाकडची) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा बदलू देणारी कुलपं, मध्येच सोडून देतं, त्यामुळे अर्धवट बदललेला ऑब्जेक्ट बाकीच्या थ्रेडना दिसतो. १९९८च्या १.२ मध्ये डेप्रिकेट केलं, आणि २०२३च्या जावा २० मध्ये कुठे ते नुसतं एक्सेप्शन फेकायला लागलं. काढायची आवृत्ती ठरलेली नसली की असं लोंबकळत राहतं. जावा ९ मध्ये अ‍ॅनोटेशनला 'सिन्स' (कधीपासून) आणि 'फॉररिमूव्हल' (काढणार का) जोडले ते यासाठीच.

स्टॅक_दोन

वॉर्निंग लावणं सोपं आहे, ती दिसेल असं करणं अवघड. पायथनमध्ये डेप्रिकेशनवॉर्निंग मुळात झाकलेली असते, ३.७ पासून तिचा उगम __मेन__ मध्ये (थेट चालवलेल्या फाइलमध्ये) असेल तरच छापली जाते. आता वॉर्न()ला स्टॅकलेव्हल (बोलावणाऱ्यांच्या साखळीत किती पायऱ्या मागची ओळ उगम धरायची तो आकडा) दिला नाही तर तो १ धरला जातो. म्हणजे उगम तुमच्याच लायब्ररीच्या फाइलवर नोंदला जातो, आणि साध्या स्क्रिप्टमधून फंक्शन थेट बोलावलं तरी पडद्यावर काही येत नाही. स्टॅकलेव्हल=२ द्या; वॉर्न() आतल्या हेल्परमध्ये असेल तर ३. टेस्टमध्ये पकडलेल्या वॉर्निंगचं फाइलनेम टेस्ट फाइलचंच आहे का तेही तपासा. नुसती 'वॉर्निंग आली' एवढं बघून ही चूक सापडत नाही. पार्सलूज()ला फ्यूचरवॉर्निंग लावा, ती न सांगता दिसते.

खरा खड्डा ऑनरो()चा. तिला वापरणारा बोलावत नाही, तुमची लायब्ररी बोलावते. वॉर्निंग मेथडच्या आत लिहिली तर सबक्लासने ओव्हरराइड केल्यावर ती ओळ कधी चालतच नाही. आणि ३.० आतून थेट ऑनबॅच() बोलावू लागली की लोकांची ऑनरो() नुसती पडून राहते: एरर नाही, वॉर्निंग नाही, आउटपुट रिकामं!

म्हणून बेस क्लासच्या __इनिट_सबक्लास__ मध्ये (सबक्लास तयार होताना पायथन आपोआप बोलावतं त्या मेथडमध्ये) तपासा. सबक्लासने ऑनरो लिहिली आहे पण ऑनबॅच नाही, तर वॉर्निंग तिथेच द्या. दोन्ही असतील तर गप्प बसा, तो माणूस दोन्ही आवृत्त्या सांभाळतोय. २.x भर ऑनबॅच()च्या मूळ कोडमध्ये लूप लावून ऑनरो() बोलावत राहा. ३.० मध्ये त्याच तपासणीतून टाइपएरर फेका.

खालचा_प्रवाह

२.६ वरून थेट ३.० नको. सेमव्हरप्रमाणेही (आवृत्तीक्रमांकांच्या रूढ नियमांप्रमाणेही) डेप्रिकेशन मायनर आवृत्तीत (२.७सारख्या) येतं, काढणं मेजरमध्ये (३.०सारख्या). त्यातही २.७ मध्ये फक्त ऑनबॅच() द्या, वॉर्निंग २.८ मध्ये. दोन्ही एकदम आले तर मधल्या (तुमची लायब्ररी आत वापरणाऱ्या) लायब्ररींची पंचाईत होते: जुनं वापरलं तर वॉर्निंग, नवं वापरलं तर २.६वाले तुटतात. ज्यांनी पायटेस्टमध्ये (टेस्ट चालवायच्या साधनात) फिल्टरवॉर्निंग्ज=एरर (प्रत्येक वॉर्निंग एरर धरा) ठेवलंय त्यांचं सीआय त्याच दिवशी लाल होतं. त्यांच्यासाठी काढणं नव्हे, वॉर्निंग येणं हाच तोडणारा बदल.

मुदत किती? नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) एनपी.इंट हे नाव १.२० मध्ये (जानेवारी २०२१) डेप्रिकेट केलं आणि १.२४ मध्ये (डिसेंबर २०२२) काढलं. जवळजवळ दोन वर्षं मिळाली, तरी ज्या पॅकेजना कुणी वाली उरला नव्हता ती अ‍ॅट्रिब्यूटएरर देऊन पडली. (एनपी.बूल २.० मध्ये वेगळ्या अर्थाने परत आलं. मधे नाव मोकळं झालं नसतं तर ते जमलं नसतं.) पायथनमध्ये मॅपिंग वगैरे क्लास कलेक्शन्समधून कलेक्शन्स.एबीसीमध्ये गेले ते ३.३ला, २०१२ साली. जुना रस्ता ३.९ मध्ये बंद होणार होता, पण पायथन २ नुकतंच संपल्यामुळे तो ३.१० पर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, ढकलला. तेव्हा तारीख पुढे सरकवण्यात कमीपणा काही नाही.

वापरणारे मोजू नका, शोधा. ऑनरो आणि पार्सलूज ही नावं वेगळी आहेत, सार्वजनिक कोडमध्ये सहज सापडतील. त्यातल्या पाच-दहा मोठ्या प्रकल्पांच्या टेस्ट तुमच्या ब्रँचवर -डब्ल्यू एरर (वॉर्निंगला एरर बनवणारा पर्याय) देऊन चालवा आणि वॉर्निंग रिलीज करायच्या आधी त्यांना पॅच पाठवा.

तळटीप

रीडऑल() ठेवतो. पार्सलूज()ऐवजी रीड(एरर्स='स्किप') सुचवलं तर? आणि ३.० मध्ये नाव पूर्ण पुसायचं का?

अर्धविराम

चालेल, पण डीफॉल्ट एररच ठेवा आणि गाळलेल्या ओळींचे क्रमांक रिझल्टवर द्या, नाहीतर तोच रोग नव्या नावाने येईल.

नाव ३.० मध्ये राहू द्या आणि फंक्शनमध्ये फक्त रनटाइमएरर ठेवा: 'पार्सलूज() ३.० मध्ये काढलं; रीड(एरर्स="स्किप") वापरा'. मॉड्यूलच्या, नाव सापडलं नाही की चालणाऱ्या, __गेटअ‍ॅट्र__ मधून अ‍ॅट्रिब्यूटएरर फेकून हे साधायला जाऊ नका. फ्रॉम-इम्पोर्ट करणाऱ्याला तुमचा मजकूर दिसत नाही, 'हे नाव इम्पोर्ट करता येत नाही' एवढंच ठोकळेबाज उत्तर मिळतं. एकच अडचण: ज्यांनी इम्पोर्टएरर पकडून पर्यायी रस्ता ठेवलाय त्यांचा इम्पोर्ट आता यशस्वी होईल आणि कोड पुढे बोलावताना पडेल. शोधात असे कुणी सापडले तर पहिला पॅच त्यांना.