जकात आणि घरी पाठवलेला पैसा

‘परदेशातून घरी पैसे पाठवणं ही निव्वळ मायेची ओढ, त्यात धर्म कुठे आला’ हे अर्धंच पटतं. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी स्थलांतरितांचं (बहुतेक हनफी, म्हणजे सुन्नी इस्लामच्या एका कायदेपंथाचे) घ्या. आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, जोडीदार यांना दिलेला पैसा जकातीत (मुसलमानांवर बंधनकारक असलेल्या वार्षिक दानात) धरता येत नाही, ते कर्तव्यच. गरजू भाऊबहीण, मावशी, चुलते मात्र चालतात, उलट तिथे दान आणि नातं दोन्हींचं पुण्य मानतात. म्हणजे एकाच महिन्यात एकाच गावी गेलेल्या दोन रकमांचा नैतिक हिशेब वेगळा!

घोळ होतो तो वर्षाचा. कर्ज वजा जाता मालमत्ता ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किंवा ८७.४८ ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी असेल, तर चांद्रवर्षाला तिच्या २.५ टक्के जकात. काहीजण सोयीसाठी इंग्रजी वर्ष धरतात; ते साधारण ११ दिवसांनी मोठं, म्हणून दर सुमारे २.५८ टक्के लावावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. दागिन्यांचं आणखी गमतीशीर: अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या हनफी मोजतात, त्याच गल्लीतले शाफई (दुसरा सुन्नी कायदेपंथ) सोमाली सहसा मोजत नाहीत.