लॅकरचा वास शेजाऱ्यांच्या घरात जातोय, काय करू?

रंधा_पटाशी:
सांगलीत माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे, पाच माणसं. पलंग, कपाटं, देवघरं. पॉलिश सगळं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं, थिनरमध्ये पातळ करून स्प्रे गनने मारतो. मागच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला तेव्हा वाटलं, वासाचा प्रश्न मिटला. परवा मागच्या घरातल्या काकू आल्या. भांडल्या नाहीत. दोरीवर वाळत घातलेलं नातवाचं झबलं पुढे केलं, म्हणाल्या, "हात फिरवून बघ." बारीक खरखर लागली. आमच्या टेबलावर रोज बसते तीच वाळलेल्या लॅकरची पांढरी भुकटी. दोन रात्री नीट झोप नाही. धंदा बंद करता येत नाही, पण त्या बाळाच्या घरात हे जाऊ द्यायचं नाही. मार्ग सांगा.

सागवानी:
पाण्याचा पडदा असतो तो स्प्रे बूथ, म्हणजे गन मारायची बंदिस्त जागा, घ्या. खर्च आहे, पण कटकट जाईल.

जुना_पॉलिशवाला:
बूथने भुकटी अडेल, थिनरची वाफ नाही अडत. थिनरमधलं टोल्युइन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, ते सरळ बाहेर जातं.

दादा, मी बावीस वर्षं गन धरली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. हिशोब करा. डब्यातल्या एनसीमध्ये घन माल साधारण ३० टक्के. लिटरला लिटर थिनर टाकलंत, तर दोन लिटरमधलं दीड लिटरहून जास्त नुसतं उडून जाणार. तुमचा पंखा ते काकूंच्या अंगणात नेऊन सोडतो, एवढंच. तेव्हा हवेत जाणारा मालच कमी करा.

आधी गन बदला. साध्या गनचा निम्म्याहून जास्त माल लाकडावर न बसता उडतो. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन कमी दाबावर चालते, ६५ टक्क्यांच्या आसपास माल जागेवर बसतो. भुकटी तिथेच कमी होईल. मग हळूहळू पाण्याच्या पीयूवर, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात बनवलेल्या पॉलियुरेथेन पॉलिशवर, या.

आणि पोरांच्या तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क असेल तर तो वाफेला काहीच करत नाही. कार्बनची डबी असलेला मास्क द्या. पंख्याची मोटर साधी असेल तर आजच बदला, ठिणगी बाहेर न येऊ देणारी फ्लेमप्रूफ बसवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, खाली साठते, एक ठिणगी पुरते. पंख्यावरची भुकटीही पेट घेते, ती सुकी खरवडू नका.

रंधा_पटाशी:
मोटर साधीच आहे. बंद केली, आज गन चालवली नाही. पोरांना मी स्वतःच रुमाल बांधायला सांगत होतो, हे फार लागलं. पाण्याचं पीयू सागावर चालेल का? देवघराची ऑर्डर हातात आहे.

जुना_पॉलिशवाला:
चालतं. पहिल्या हाताला (थराला) लाकडाची लव उभी राहील, घाबरू नका. पूर्ण वाळू द्या, ३२०च्या पेपरने हलकं घासा, मग पुढचे दोन हात पातळ. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, तेवढे दिवस गिऱ्हाइकाकडून आधीच मागून घ्या. आधी एका फळीच्या तुकड्यावर करून बघा आणि फोटो इथे टाका.