लॉस वरखाली होतो म्हणजे लर्निंग रेट चुकला असे समजावे का?

प्रश्न – वेदगंगाकाठ, निपाणी

नमस्कार. उसाच्या पानांवरील तांबेरा मोबाइलच्या फोटोंवरून ओळखता यावा, यासाठी आमच्या भागातील फडांतून फोटो जमवून, इमेजनेट या मोठ्या फोटोसंग्रहावर आधीच शिकवलेले रेसनेट-१८ हे फोटो ओळखणारे न्यूरल नेटवर्क मी पुढे शिकवत आहे. बॅच (एका पायरीला वापरायचे फोटो) ३२ ची असून ऑप्टिमायझर, म्हणजे मॉडेलचे वेट्स (आतले आकडे) बदलण्याची पद्धत, मोमेंटमसह (आधीच्या पावलांचा वेग राखणारी) एसजीडी आहे. लेखांत सर्रास आढळणारा ०.१ हा लर्निंग रेट (दर पायरीला वेट्स किती बदलायचे ते ठरवणारा आकडा) दिला की लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) भडकतो आणि ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ असा निकाल) येतो, ०.०१ ला तो उड्या मारत उतरतो, ०.०००१ ला आलेख गुळगुळीत असतो, पण लॉस जेमतेम हलतो. ०.०१ वर लॉस अडकल्यावर रेट ०.००१ केला, तेव्हा तो एकदम खाली आला. मग पहिल्यापासूनच ०.००१ ठेवायला हवा होता का?

उत्तर – टिळकवाडी, बेळगाव

तसे म्हणता येणार नाही. ३२ फोटोंवरून काढलेला ग्रेडियंट (लॉसचा उतार) हा केवळ अंदाज असतो, त्यामुळे रेट मोठा असताना वेट्स लॉसच्या तळाशी स्थिरावत नाहीत, भोवताली घुटमळत राहतात. रेट उतरवताच हे घुटमळणे आटोक्यात येते आणि लॉस झपकन पडतो. मात्र तिथवरचे अंतर ०.०१ नेच कापलेले असते.

भडकण्याचे कारण वेगळे आहे, ते म्हणजे लॉसच्या पृष्ठभागाची वक्रता (उतार किती झपाट्याने बदलतो ते). मोमेंटम क्षणभर बाजूला ठेवून एकच वेट घ्या आणि वक्रता ५० धरा. प्रत्येक पायरीला तळापासूनचे अंतर (१ − रेट × ५०) या पटीने बदलते. रेट ०.०१ असेल तर ते निम्मे होते, ०.०३ ला वेट दर खेपेस तळ ओलांडून पलीकडे जाते, तरी अंतर निम्मेच होत राहते, ०.१ ला मात्र ते चौपट होत जाते. सीमा २ भागिले वक्रता, म्हणजे येथे ०.०४. खऱ्या नेटवर्कमध्ये वक्रताही शिकताना बदलते: पूर्ण डेटावरील ग्रेडियंट डिसेंटमध्ये (दर पायरीला सगळा डेटा वापरून उतरताना) ती वाढत जाऊन याच सीमेपाशी रेंगाळते आणि लॉस मधूनमधून उसळला तरी एकंदरीत उतरत राहतो, असे २०२१ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. म्हणून नुसत्या उड्यांना घाबरू नये.

उत्तर – खानापूर

वरील विवेचनात भर घालतो. तो ०.१ बहुधा २५६ च्या बॅचसाठीचा आहे. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इमेजनेटवर बॅच ८१९२ पर्यंत नेली, तेव्हा त्याच प्रमाणात रेट ३.२ केला, आणि सुरुवातीचे ५ एपॉक (सगळ्या डेटावरून पूर्ण फेऱ्या) तो हळूहळू चढवला. तेच प्रमाण उलटे लावल्यास ३२ च्या बॅचला ०.०१२५ येतो, म्हणजे आपला ०.०१ जवळपास योग्यच आहे. शिवाय आपल्या मॉडेलचा शेवटचा थर नवा, रँडम आकड्यांचा असणार. त्याचे सुरुवातीचे मोठे ग्रेडियंट जुने थर विस्कटू नयेत म्हणून आपणही काही काळ रेट चढता ठेवावा.

उत्तर – चिक्कोडी

ॲडम हा दुसरा ऑप्टिमायझर वापरून पाहणार असाल तर हे आकडे तिकडे नेऊ नका. तो प्रत्येक वेटचे पाऊल ग्रेडियंटच्या अलीकडच्या आकारमानाने भागतो, त्यामुळे त्याचा नेहमीचा ०.००१ आणि एसजीडीचा ०.००१ यांची तुलनाच होत नाही. आणि एकाच फडातले फोटो ट्रेनिंग व तपासणी अशा दोन्हीकडे गेले असतील, तर रेट कोणता चांगला हे तपासणीच्या लॉसवरूनही कळणार नाही. ती विभागणी आधी फडनिहाय करा.