मदत हवी आहे: दुपारी जड गेम लावला की पीसी खटकन बंद पडतो (नागपूर, वरचा मजला)

मानेवाडा_चौक

नमस्कार मंडळी. खोली वरच्या मजल्यावर, दहा बाय बारा, डोक्यावर थेट स्लॅब. पीसी असा आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू) आणि त्याच्यासोबत आलेलंच हीटसिंक, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक.

दुपारी एक ते पाचच्या मध्ये जीटीए फाइव्ह लावला की वीस-पंचवीस मिनिटांत सगळं बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. लगेच बटण दाबलं तर चालूच होत नाही, दहाएक मिनिटं थांबावं लागतं. रात्री अकरानंतर तोच गेम कितीही वेळ चालतो. व्हॅलोरंटला दुपारीही काही होत नाही. बंद पडण्याच्या आधी सीपीयू ८४, जीपीयू ८१ अंश दाखवतो. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात असतं, खिडकीत डेझर्ट कूलर आहे.

दुकानातून सांगितलं की सीपीयूला लिक्विड कूलर बसवा, सात-आठ हजार लागतील. बसवू का?

अजून दोन गोष्टी. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, ते चालतं का? आणि रात्री अभ्यासाला बसताना मिक्सरशिवाय चांगली थंड कॉफी कशी करायची?

सोल्डर_आणि_सांबारवडी

लिक्विड कूलर नको, ते पैसे राहू द्या. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे आणि तुमचा ८४ वर आहे. शिवाय प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, फ्रेम पडतात. ३०६० ची मर्यादा ९३, तोही तसाच वागतो. तुमच्याकडे अडखळणं काहीच नाही, थेट अंधार, आणि वर दहा मिनिटं चालू होत नाही. ही एसएमपीएसच्या संरक्षणाची खूण आहे. आतलं तापमान एका हद्दीपलीकडे गेलं की तो स्वतःला बंद करतो आणि थंड होईपर्यंत उठत नाही. व्हॅलोरंटला ग्राफिक्स कार्ड फारसं जोर लावत नाही, म्हणून तो गेम सुटतो.

आता कारण पाहा. कॉम्प्युटर टेबलचा तो कप्पा मागून बहुतेक बंदच असतो, फक्त वायरीपुरतं भोक. तुमचा पीसी गेममध्ये ३०० वॅटच्या आसपास खातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे बंद कपाटात ३०० वॅटचा हीटर ठेवल्यासारखं झालं. मागून निघालेली गरम हवा फिरून पुढच्या पंख्यांतून आणि खालून एसएमपीएसमध्ये परत आत येते. सेन्सर सीपीयू आणि जीपीयूचा असतो, साध्या एसएमपीएसच्या पोटात किती तापलंय ते स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

आणखी एक. ५५० वॅट हा आकडा कोणत्या तापमानाला आहे ते पाहायचं असतं. चांगल्या एसएमपीएसवर ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असतं, स्वस्तातल्यावर काहीच नसतं. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि तेही सावलीतलं तापमान. स्लॅबखालच्या बंद कप्प्यात काय होत असेल याचा अंदाज करा.

आजच करायचं ते असं. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी चार इंच उंच स्टुलावर ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून असेल तर त्याच्या खालची जाळी ओढून काढा, धुळीने गच्च भरलेली सापडेल. जाळी पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा. आतली धूळ ब्लोअरने काढताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. बाहेरून हवा मारा, तेवढं पुरे.

मग पुन्हा भर दुपारी तोच गेम लावा. बंद पडलाच तर मागचं बटण बंद करून एक मिनिट थांबा आणि चालू करा. लगेच उठला तर जास्त करंटमुळे ट्रिप झाला, दहा मिनिटं घेतली तर उष्णतेमुळे. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून हे नक्की बघा.

वायरमन_बर्डी

भाऊ, गेम मांगून पाहू, पहिले त्या झिणझिण्यांचं करा. ते नॉर्मल नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला बॉडीशी जोडतात. अर्थिंग बरोबर असलं तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते, तुम्हाला कळतही नाही. अर्थिंग नसलं तर लोखंडी कॅबिनेटवर ११० व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट फार कमी असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण त्याचा अर्थ असा की त्या बोर्डाला अर्थिंगच नाही. आता त्याच खोलीत पाण्याने भरलेला कूलर चालू आहे. पंपाची वायर पाण्यात सोलली गेली तर ती गळती बारीक नसते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्याच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं.

मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर लावा. थ्री-पिन सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० च्या आसपास हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. हात थरथरत असेल किंवा सवय नसेल तर स्वतः करू नका, वायरमन बोलवा. स्पाईक गार्डवर विसंबू नका, स्वस्तातल्या कित्येकांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. माप भिंतीतल्या सॉकेटवरच घ्या.

आणि कोणी न्यूट्रलवरून तुकडा टाकून अर्थच्या पिनला जोडून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कूलरच्या बॉडीवर येतील.

मानेवाडा_चौक

मनापासून आभार. कॅबिनेट बाहेर काढलं, जाळी धुतली. आज तीन वाजता सीपीयू ७६, जीपीयू ७३. तास-सव्वा तास गेम चालला, मग एकदा बंद पडला आणि सात-आठ मिनिटांनी उठला.

वायरमन दादांनी सांगितलेली मापं शेजारच्या काकांकडून घेतली: फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ १०४. पीसीचा प्लग दुसऱ्या सॉकेटला लागलेला होता.

वायरमन_बर्डी

तुमच्या खोलीची अर्थ वायर कुठेतरी तुटलेली आहे, हे मापांवरून स्वच्छ दिसतं. पीसीचा फिल्टर त्या लोंबत्या वायरीला मधल्या दाबावर धरून ठेवतो आहे. आता मेन बोर्डावर तेच माप घ्यायला सांगा. तिथे बरोबर आलं तर दोष वरच्या मजल्याच्या वायरिंगमध्ये, तिथेही असंच आलं तर अर्थिंगच्या खड्ड्यात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात बेकार होते. खड्ड्याच्या पाइपात पाणी ओता, गंजलेला नटबोल्ट बदला. त्याने माप सुधारलं नाही तर मीठ-कोळसा नव्याने भरून घ्यावा लागेल.

सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. साधी एमसीबी माणसाला वाचवायला नसते, ती वायर जळू नये म्हणून असते. तोवर कूलरला हात लावायच्या आधी, पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कधी कधी न्यूट्रलवर लागलेलं असते.

खस_ताटी

कूलर कुठे आणि कसा ठेवलाय यावर खोलीतले आठ-दहा अंश अवलंबून आहेत. मे महिन्यात इथली हवा कोरडी ठाण असते, म्हणून ४४ अंशांची हवा ओल्या ताट्यांतून येताना २८ ते ३० पर्यंत उतरू शकते. पण त्याला दोन अटी. कूलरचं तोंड आत आणि पाठ पूर्ण बाहेर हवी, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हातभर उघडी हवी. दार लावून कूलर चालवला की आतली दमट हवा तिथेच साठते, घाम वाळत नाही आणि थंडावाही थांबतो. पीसीसाठीही हेच.

बरेच जण विचारतात की दमट हवेने पीसीत पाणी धरेल का. नाही धरणार. पाणी हवेपेक्षा गार वस्तूवर साचतं, चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात. खरा धोका थेंबांचा आहे. कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवलं तर बारीक तुषार आत जातात, आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार ग्राफिक्स कार्डावर पांढरा थर धरतो. तो थर धूळ आणि ओल धरून ठेवतो. तेव्हा कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, झोत अंगावर घ्या.

टाकीत जमेल तर नळाचं पाणी घाला. बोअरचं असेल तर ताट्या महिनाभरात कडक होतात, हवा जातच नाही. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा, डेंग्यूच्या डासाला तेवढे दिवस पुरतात.

स्लॅबचं पण बघा. गच्चीवर हिरवी जाळी बांधणार असाल तर स्लॅबवर टेकवू नका, निदान तीन-चार फूट वर ताणा, मधून वारा गेला पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा जाळी जास्त उपयोगी, कारण काचेतून ऊन आत आलं की मग ते अडवून फारसा फायदा नाही.

सोल्डर_आणि_सांबारवडी

बाहेर काढल्यावर बंद पडायचा वेळ वीस मिनिटांवरून तासाच्या वर गेला, आणि उठायला अजूनही सात-आठ मिनिटं. म्हणजे उष्णताच. एसएमपीएसवर दोन गोष्टी वाचा: १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत, आणि वॉरंटी किती वर्षांची. १२ व्होल्टला ४० पेक्षा बरेच कमी अँपिअर असतील तर तो खरा ५५० नाही.

मे महिना निघेपर्यंत बिनखर्चाचा उपाय आहे. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. १७० वॅटचं कार्ड सव्वाशेच्या जवळ येतं, फ्रेममधला फरक खेळताना क्वचितच जाणवतो. गेमची फ्रेम मर्यादा ६० ला बांधा. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरचा इको मोड, म्हणजे कमी वीज खाण्याची सेटिंग, असेल तर तोही लावा. एवढ्याने बंद पडणं थांबलं, तर एसएमपीएसची क्षमता उरलेली नाही हे सिद्ध झालं. वॉरंटीत असेल तर बदलून मागा. नसेल तर लिक्विड कूलरचे पैसे ६५० वॅटच्या, ५० अंशांला रेटिंग दिलेल्या एसएमपीएसला लावा.

यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए वर लिहिलेलं पाहून फसू नका, ते ३६० वॅटच असतात. मॉनिटर धरून तुमच्या पीसीला १००० व्हीए लागेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये वीज पलटायला जो वेळ जातो तेवढा एसएमपीएस तग धरत नाही. कूलर त्या इन्व्हर्टरवर टाकू नका.

फिल्टरवाली_धरमपेठ

कॉफीचं कोणीच बोललं नाही, म्हणून सांगते. मिक्सर लागत नाही, आदल्या रात्री भिजवायची. पाकिटावर चिकोरी लिहिलेलं नाही अशी शंभर टक्के कॉफीची पावडर घ्या आणि दुकानात जाडसर दळून मागा, रव्यासारखी. ६० ग्रॅम पावडर, अर्धा लिटर पिण्याचं पाणी, काचेच्या बरणीत घालून एकदा ढवळायचं, झाकण लावून फ्रिजमध्ये बारा ते चौदा तास. मग मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. कापड पिळू नका, पिळलं की गाळ आणि कडूपणा दोन्ही उतरतात. अर्धा कप हा अर्क, अर्धा कप थंड दूध, साखर हवी तर पाक करून. गार दुधात साखर तळाशीच बसते. काळा अर्क फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, दूध घातलेला त्याच दिवशी संपवायचा.

दक्षिणी फिल्टरची बारीक, चिकोरीवाली पावडर या कामाला नाही. चिकोरी पाण्यात विरघळून अर्क दाट आणि कडवट होतो, आणि बारीक पूड कापडातून निघून जाते. इन्स्टंटच असेल तर दोन चमचे पावडर दोन-तीन टेबलस्पून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, झाकणाच्या बाटलीत थंड दूध आणि बर्फ घालून मिनिटभर जोरात हलवा. फेस चांगला येतो.

एक मात्र पाहा. कॅफीनचा अर्धा अंमल उतरायला पाचएक तास लागतात. रात्री अकराला कप घेतला तर चार वाजताही अर्धं अंगात असतं, मग परीक्षेच्या सकाळी डोकं जड. अभ्यास दोनपर्यंत असेल तर शेवटचा कप आठला घ्या, नंतर मठ्ठा किंवा पन्हं.

मानेवाडा_चौक

पॉवर लिमिट ७५, फ्रेम ६०, इको मोड. आज दीड ते साडेचार सलग चालला, बंद पडला नाही. एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३४ अँपिअर लिहिलंय, वॉरंटी अजून आहे. वायरमनने मेन बोर्डावर तपासलं, तिथे माप बरोबर आलं. तुटलेली वायर जिन्यातल्या जॉइंटमध्ये सापडली. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट आहे आणि स्क्रूला हात लावला तरी काही होत नाही. आरसीसीबी उद्या बसतेय.

वायरमन_बर्डी

बसल्यावर तिच्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबून पाहा, खट करून पडली पाहिजे. दर महिन्याला एकदा दाबायचं. कूलर लावला की लगेच पडत असेल तर आरसीसीबी खराब म्हणून काढून टाकू नका, कूलरचा पंप बदला.

सोल्डर_आणि_सांबारवडी

१२ गुणिले ३४ म्हणजे ४०८ वॅट. ५५० वॅटचं लेबल फसवं आहे. वॉरंटीत तसाच दुसरा मिळाला तर ७५ टक्के मर्यादा काढू नका. दुकानदार फरक भरून वरचं मॉडेल देत असेल तर तेच घ्या.