नोकरी सोडून पूर्णवेळ गाणं आणि क्लास, जमेल का? (ठाणे)

खर्जवाली: नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वय २७, नौपाड्यात राहते, शास्त्रीय गाण्यातलं विशारद झालंय, गुरुजींकडे अजूनही आठवड्यातून दोनदा जाते. दिवसा ऐरोलीला आयटीत नोकरी, संध्याकाळी घरीच क्लास. तीन मुलांवर सुरू केला होता, आता १९ झालीत, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि सोसायटीवाले बोलतात म्हणून आई सगळ्यांच्या चपला आत उचलून ठेवते. प्रॉब्लेम असा की गेल्या महिन्यात एका घरगुती बैठकीत भूप राग गात होते आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज चक्क फाटला. आधी कधीच असं झालं नव्हतं. नोकरी सोडली तर रियाजाला वेळ मिळेल असं वाटतं, पण बाबांना पटत नाही आणि गुरुजी नुसतं हसतात. आकाशवाणीची ऑडिशन पण द्यायचीय. काय करू?

कोपरखैरणेकर: लोन असेल तर सोडू नका. बाकी गाण्यातलं मला कळत नाही.

पेटीवाला_काका: मी साथीला बसतो म्हणून हिशोब सांगतो. नवीन गायिकेला जे पाकीट मिळतं त्यातून तबला, पेटी, जाण्यायेण्याची रिक्षा गेली की हातात काय उरतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, कधीकधी बाई स्वतःच्या खिशातून देतात. ऑडिशन जरूर दे, आकाशवाणीचा बी ग्रेड मिळाला तरी बायोडेटात दिसतो, पण त्याच्यावर घर चालत नाही. आणि गडकरी रंगायतनला राम मराठे संगीत महोत्सव असतो तेव्हा नुसतं गाणं ऐकून पळू नकोस, मध्यंतरात लोकांना भेट. कार्यक्रम ओळखीतूनच येतात, वाईट वाटलं तरी.

वाशीची_मावशी: अगं खर्जवाली, तुझा आवाज नोकरीने नाही, क्लासने दमलाय. मी २२ वर्षं शिकवतेय, माझंही हेच झालं होतं. एक सांग, मुलं पलटे (सरगमचे सराव) म्हणतात तेव्हा तू त्यांच्याबरोबर गातेस ना? तिथेच गडबड आहे. मुलींचा सा पेटीच्या काळी चार-पाच पट्टीला, मिसरूड फुटायला लागलेल्या पोराचा आवाज मध्येच खाली घसरलेला, आणि तू सगळ्यांच्या सा मध्ये दोन दोन तास गातेस, वर पंख्याच्या आवाजावर मात करायला ओरडतेस. एकदा गाऊन दाखवायचं आणि गप्प बसून ऐकायचं. मुलं चुकली तर चुकू देत, कान तयार होतो. सा प्रमाणे बॅच पाड. स्वतःचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, सकाळी, ऑफिसच्या आधी, तंबोरा लावून अर्धा तास का होईना. क्लासनंतर रियाज करणं म्हणजे दमलेल्या बैलाला परत नांगराला जुंपणं.

आणि हो, सगळ्यात आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, दुर्बिणीतून स्वरयंत्र बघून घे. गाठ असेल तर औषधं बाजूला, आधी गप्प बसायला सांगतील. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. किशोरीताई आमोणकरांचा आवाज सुद्धा मध्यंतरी गेला होता, त्यामुळे लाज वाटून घेऊ नकोस.

नोकरीचं म्हणशील तर सोडलीस की पैशासाठी आणखी १५ मुलं घेशील, मग गाणार कधी? आधी विशारदच्या पुढचं अलंकार कर, दोन वर्षं जातील, तोवर पगार येऊ दे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, त्या महिन्यात नवीन मुलं घेऊच नकोस, पालक सर्टिफिकेटसाठी डोकं खातात.

पेटीवाला_काका: मावशी, अर्धं पटलं. पण नोकरी सांभाळत गाणारी माणसं चाळिशीपर्यंत "उदयोन्मुख"च राहतात, हेही बघितलंय. कधीतरी उडी मारावीच लागते.

वाशीची_मावशी: मारू दे ना काका, घसा बरा झाल्यावर मारू दे.

खर्जवाली: मावशी, तुम्ही आमच्या हॉलमध्ये बसून लिहिलंय की काय! पंखा खरंच खडखडतो. कालच्या क्लासला गप्प बसून बघितलं, पाच मिनिटांत एक मुलगी म्हणाली "ताई, बरं नाही का?" डॉक्टरची शुक्रवारची वेळ मिळालीय, राजीनामा तोपर्यंत ड्राफ्टमध्येच. बॅच मात्र पाडतेय, फक्त ज्याचा आवाज फुटलाय त्याची आई आमच्याच मजल्यावर राहते, तिला कसं सांगू ते कळत नाहीये.